चिखलातलं अनुदान

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीवर गावातल्या शहाण्या माणसांनी विश्वास ठेवलेला नाही आणि त्यांचं काही वाईट झालेलं नाही. पण ही गोष्ट घडलेली आहे. खाडीच्या मधोमध, चिखलावर, एक लोखंडी बार्ज उभी होती. तिच्या टपावर एक माणूस छत्री उघडून बसला होता. तो उतरत नव्हता, कारण सरकारनं त्याला पैसे दिले होते.

"शिडी नसेल," गवंडी म्हणाला.

शिडी होती. तू गप बस. तुझ्या घराची मागची भिंत ज्या विटांची आहे त्या कुठून आल्या, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणि या पलीकडे खांबाला टेकून दोर वळतायत त्या माझ्या वहिनी. थोरल्या भावाची बायको. गोष्ट त्यांचीच आहे. मी कुठे चुकलो तर त्या सांगतील. आजवर त्यांनी माझी एकही थाप पकडलेली नाही. बहुतेक ऐकतच नसाव्यात.

तर आमची एक लाकडी मालवाहू बोट होती. बापानं बांधलेली. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. वरच्या अंगाच्या भट्टीवरून विटा आणि कौलं भरायची आणि भरतीवर स्वार होऊन मोठ्या धक्क्यावर नेऊन टाकायची, हा आमचा धंदा. सुकाणूवर थोरला, शिडाला मी. आणि बोटीचं अंग वहिनींच्या हातात. ओहोटीला म्हातारी एका कुशीवर कलंडली की वहिनी तिच्या पोटाखाली उकिडव्या बसायच्या, फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस बोटानं कोंबायच्या, वर लाकडी हातोडीनं ठोकायच्या. टक टक टक. आवाज बदलला की त्यांना कळायचं, फट भरली. म्हातारी त्यांच्या हाताखाली इतकी गप पडून राहायची की मी एकदा तिला घोरताना ऐकलंय.

"बोट घोरते?"

लाकडी घोरते. लोखंडी बोट झोपतच नाही, सारखी कुरकुरते.

थोरल्याचे पाय तुम्ही पाहिले असतील. तळवा पंख्यासारखा पसरलेला, अंगठा एकीकडे आणि बाकीची बोटं दुसरीकडे. जन्मात त्यानं चप्पल घातली नाही. ओल्या फळीवर तो पाय असा चिकटायचा की वादळात आम्ही बाकीचे दोरीला धरून उभे राहायचो आणि हा सुकाणूवर कान कोरत उभा.

मग सरकारच्या मनात आलं की रस्त्यावर ट्रक फार झाले, माल पाण्यावरून गेला पाहिजे. चांगली गोष्ट आहे. आम्ही बापजाद्यांपासून पाण्यावरूनच नेत होतो, पण ते सरकारला माहीत नव्हतं. योजना निघाली. जुनी लाकडी बोट असेल तर तिच्या जागी लोखंडी, इंजिनाची बार्ज घ्या, अर्धे पैसे सरकार देईल. वाट दाखवायला बोये टाकू, दिवे लावू, धक्का बांधू. ही बातमी घेऊन आमच्या घरी आला तो चेअरमन.

चेअरमन म्हणजे जलवाहतूक सोसायटीचा चेअरमन. आणि चेअरमन म्हणजे वहिनींचा सख्खा थोरला भाऊ. तोही आमच्यासारखाच चिखलात वाढलेला, तांडेल, म्हणजे बोट हाकणारा माणूस. वहिनींना पोहायला, वल्हं मारायला, पाण्याच्या रंगावरून खोली ओळखायला त्यानंच शिकवलं. धाकट्या असून तो त्यांना ताईच म्हणायचा. पुढे तो निवडणुकीला उभा राहिला आणि त्याच्या पायाला बूट आले.

"ताई," तो आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "एकट्यादुकट्याला बार्ज परवडणार नाही. आपण पाच घरं एकत्र येऊ. पाच जुन्या बोटी मोडायच्या, एक बार्ज घ्यायची. सगळे मालक."

"मोडायच्या?" थोरला म्हणाला.

"अटच आहे, दाजी. जुनी आधी मोडायची, योजनेच्या साहेबांच्या डोळ्यांदेखत. नाहीतर लोक अनुदान खातात आणि जुनीही चालवतात."

"बार्ज आल्यावर मोडली तर?"

"सरकार आपलं भाऊबंद आहे का? माझ्यावर भरवसा नाही?"

थोरल्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भावाकडे पाहिलं, आणि होकाराची मान हलवली.

म्हातारी मोडायला थोरल्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साहेब आले, त्यांना खुर्ची दिली, डोक्यावर छत्री धरली. थोरल्यानं पहिली फळी पहारीनं उचकटली तेव्हा खिळा असा किंचाळला की झाडावरचे बगळे उडाले आणि त्यातले दोन आजतागायत परत आलेले नाहीत. साहेब म्हणाले, "थांबा, फोटो नीट आला नाही. ती फळी परत लावा आणि पुन्हा काढा." थोरल्यानं फळी परत ठोकली. परत काढली. "आता जरा हसून," साहेब म्हणाले. थोरला हसला. तो फोटो मी पाहिलाय. दात काढायच्या खुर्चीतला माणूस हसतो तसा.

पुढं ओहोटीमागून ओहोटी तो मोडत राहिला. कुऱ्हाड, करवत, पहार. हाताच्या सालपटांतून रक्त यायचं ते तो शर्टाला पुसायचा. वहिनी फटींतला कापूस उपसून काढत होत्या, स्वतः भरलेला, वर्षानुवर्षांचा, काळा झालेला. शेवटी नुसता कणा चिखलात राहिला, माशाचा काटा ताटात उरतो तसा. चेअरमननं लाकूड ट्रकमध्ये भरून नेलं. म्हणाला, सोसायटीत जमा.

आणि बार्ज आली. काय तिचा भोंगा! पहिल्यांदा वाजला तेव्हा गावातल्या सगळ्या कोंबड्यांनी एकदम अंडी घातली, आणि एका कोंबड्यानंही घातलं.

"हां, हे मात्र फार झालं," चहावाला म्हणाला.

बरं, कोंबड्याचं सोड. पण बार्ज आली ती चेअरमनच्या एकट्याच्या नावावर. पाच घरं विचारायला गेली. तो म्हणाला, सरकारला एकच मालक लागतो, पाच नावं चालत नाहीत. तुम्हाला नोकरी देतो ना. हा आमचा मालकपणा.

थोरला नोकरीला लागला. पाच घरांतले पाच तांडेल त्या बार्जवर मालावरची झाकणं ओढायच्या आणि विटा उतरवायच्या कामाला. दुपारी लोखंड असं तापायचं की वर पाणी सांडलं तर ते पडायच्या आधीच वाफ व्हायचं. थोरला अनवाणी. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तळव्यांवर फोड, टपोरे, करवंदाएवढे. वहिनी हळद लावायच्या. सकाळी तो परत जायचा.

मग निघालं की योजनेचा नियम आहे, बार्जवरच्या प्रत्येक माणसाच्या पायात बूट पाहिजेत. चेअरमननं बुटांचं पोतं आणलं. थोरल्याचा पाय एकाही बुटात जाईना. सगळ्या खलाशांसमोर चेअरमन खाली वाकून थोरल्याच्या पायात बूट घालत होता, घोड्याला नाल मारतात तसा, आणि बाकीचे हसू दाबत होते. अंगठा आत गेला तर करंगळी बाहेर. करंगळी कोंबली तर टाच बाहेर.

"दाजी, हा पाय आहे का वल्हं?" चेअरमन म्हणाला. मग मात्र सगळे हसले. माणूस पोटासाठी हसतो.

दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावलं. बाहेर बाकावर बसवून ठेवलं, सकाळपासून दुपारपर्यंत. बसल्या बसल्या थोरल्याचा हात बाकाच्या कडेवरून फिरत होता. एका जागी थांबला. तिथे फळीला एक ठिगळ होतं, आत तेलकट कापूस. चेअरमननं म्हातारीच्या लाकडाचा बाक करून घेतला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला. मग आतून निरोप आला: बुटाशिवाय माणूस दिसला तर अनुदान अडतं, उद्यापासून येऊ नका.

थोरला घरी आला. भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. जेवायला उठायचा, परत आडवा. बोलणं बंद. मी त्याला हसवायला काय काय सांगितलं, खाडीतल्या माशाचं लग्न सांगितलं, त्यात मी करवला होतो. त्याची पाठ हलली नाही.

तेव्हा वहिनी भावाच्या ऑफिसात गेल्या. मी मागोमाग. वहिनी त्या बाकावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. चेअरमन बाहेर आला.

"ये ताई. बस ना."

"अण्णा, यांना कामावर घे म्हणायला नाही आले. आमची बोट परत दे."

"कुठली बोट?"

"आमची."

चेअरमन हसला. त्यानं बाकावर थाप मारली. "ही काय. घेऊन जा. उचलते का बघ."

आतले दोघं कारकून फिस्सकन हसले.  नाक्यावरच्या नळावर येऊन वहिनींनी हात धुतले, खसाखसा, कोपरापर्यंत, काही लागलेलं नसताना. मग म्हणाल्या, "भावोजी, त्याला मी त्या बार्जवरनं उतरवणार. माझ्या माणसाला उतरवला तसा. त्याच्या स्वतःच्या पायांनी."

"कसं उतरवणार? मालक आहे तो."

"खुंट ठोकायचे दिवस आले ना?"

तुम्हाला खुंटांचं माहीत आहे, पण या चहावाल्याला नाही, तो रस्त्याकडचा. खाडीचा तळ पावसाळ्यात हलतो. जिथे गेल्या साली बोट जायची तिथे या साली चिखलाचा उंचवटा. म्हणून पावसाळा सरला की खोल पाण्याच्या कडेकडेनं खुंट ठोकायचे, बोटींनी खुंटांच्या रेघेतून जायचं. हे काम आमच्या घराण्याचं. आणि खाडीवर एक गोष्ट कुणी करत नाही. भांडणात डोकी फुटतील, जाळी फाडली जातील, कुणाची बायको कुणाबरोबर पळून जाईल, पण खुंटाला कुणी हात लावत नाही. योजनेत प्लास्टिकचे तरंगते बोये यायचे होते, दिव्यांसकट, पण ते पुढच्या टप्प्यात. म्हणजे त्या सालीही आमचेच खुंट.

आम्ही गेलो ते सकाळी, लख्ख उजेडात, छोट्या होडीतून. काठावरच्या लोकांनी हात केले. कुणी विचारलंही, "काय, लागला का तळ?" मी म्हणालो, "लागतोय." दर वर्षीचंच काम, कोण कशाला बघतो.

वहिनी लांब काठीनं तळ चाचपत होत्या. मी पाण्यात उतरून खुंट धरायचो आणि मोगरीनं ठोकायचो. वळणापर्यंत सगळे खुंट बरोबर जागी. वळणावर वहिनींनी होडी डावीकडे घातली, रुंद चिखलाच्या बाजूला. तिथे भरतीला पाणी पसरतं, दिसायला समुद्र, पण पोटात काही नाही.

"वहिनी, इथे तर म्हैस पण तरंगणार नाही."

"ठोका."

"वहिनी, आपण खुंटकरी आहोत. बापानं मरताना..."

"ठोका, भावोजी."

"अहो पण दुसरी एखादी बोट आली तर? बिचारी फुकट..."

वहिनींनी काठी आडवी ठेवली. वर खाडीकडे पाहिलं, खाली खाडीकडे पाहिलं. "दुसऱ्या बोटी राहिल्यात कुठे?" म्हणाल्या.

खरंच होतं. पाचही मोडल्या होत्या. उरलेल्या तेवढ्या छोट्या होड्या, त्या चिखलावरूनही घसरत जातात.

मी बुडी मारली आणि खुंटाचं टोक तळाला लावलं. तेवढ्यात बिळातून एक खेकडा बाहेर आला, एवढा, परातीएवढा, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नांगी हलवून 'नको' म्हणाला. मी त्याला म्हणालो, आमच्या वहिनींना सांग. त्यानं वर वहिनींकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आत गेला.

मग आलं वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. पावसाळ्यापासून बार्ज बांधून ठेवून चेअरमन त्याचीच वाट बघत होता. अनुदानाचा मोठा हप्ता बाकी होता आणि त्याची अट अशी, की बार्ज पूर्ण भरायची आणि भट्टीपासून मोठ्या धक्क्यापर्यंत साहेबाला वर बसवून न्यायची. पूर्ण भरलेल्या बार्जेला पाणी खूप लागतं, म्हणून उधाणाचा दिवस ठरला. बार्ज विटांनी शिगोशीग भरली. पुढे पताका. सुकाणूवर चेअरमन स्वतः, पांढरे कपडे, काळे बूट. शेजारी साहेब. भोंगा वाजला.

मी काठावर उभा होतो. वहिनी माझ्या बाजूला, डोक्यावर पदर, हातात काही नाही.

वळणाशी बार्ज आली तेव्हा चेअरमननं वेग कमी केला. त्यानं पाण्याकडे पाहिलं. तांडेल माणूस होता, पाण्याचा रंग त्याला खटकला असणार.  तो उजवीकडे बघत होता, जिथे खरं खोल पाणी होतं. मग त्यानं खुंटांकडे पाहिलं. आमच्या खुंटांची रेघ डावीकडे गेली होती. त्याच्या जागी मी असतो तरी डोळ्यांपेक्षा खुंटावर भरवसा ठेवला असता. त्यानं सुकाणू डावीकडे फिरवलं.

आवाज झाला नाही. म्हैस डबक्यात बसते तशी बार्ज बसली. फतक्. पताका पुढे झुकल्या आणि साहेबाची टोपी खाडीत गेली.

चेअरमननं इंजिन पुढे लावलं, मागे लावलं. पंख्यानं मागचा चिखल उडाला, बार्जेनं स्वतःच्या हातानं स्वतःचा खड्डा खणला आणि आणखी खाली बसली. आणि ओहोटी लागली. वर्षातलं सगळ्यात मोठं पाणी ते. म्हणजे आता वर्षभर तेवढं पाणी परत त्या जागी येणार नव्हतं. हे काठावर सगळ्यांना कळलं, एकदम. बाकीच्या घरांचे चार तांडेल, त्यांनाही तोवर कामावरून काढलं होतं, तिथेच खाली बसले.  त्यातला एक विडी शिलगावायला लागला आणि उलट्या बाजूनं शिलगावली.

घरी आलो तर थोरला दारात उभा. भिंत सोडून. "काय झालं?" म्हणाला. कितीतरी दिवसांनी ऐकला तो आवाज.

"अण्णा रुतला," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"वळणावर. डावीकडे."

 थोरला खुंटकरी होता, त्याला काय सांगायचं. मग तो ओट्यावर येऊन बसला, खाडीकडे तोंड करून. त्या दिवशी त्यानं पोटभर जेवण मागून घेतलं.

साहेबाला चिखलातून काठावर आणायला दोन माणसं लागली. तो मांडीपर्यंत बुडाला, एक बूट आत राहिला. काठावर पोचला तोच ओरडत, "अहवाल देणार! अहवाल देणार!" दुसऱ्या दिवशी आला तेव्हा पायात नवे बूट आणि तोंडात नियम. भोंग्यासारखा काठावरूनच ओरडून त्यानं तो चेअरमनला सांगितला. बार्जेवर मालक किंवा तांडेल हजर असेल तोवर ती अडकलेली समजायची, पुढच्या उधाणाला काढता येईल, अनुदान कायम. पण रिकामी आढळली तर ती सोडून दिलेली समजायची. मग बार्ज सरकारजमा आणि आधी दिलेलं अनुदान व्याजासकट वसूल.

"मी आहे, साहेब! मी आहे!" चेअरमन वरून ओरडला.

पहिल्यांदा त्यानं वजन कमी करायचं ठरवलं. खलाशांना म्हणाला, विटा फेका. ते एकाच बाजूला फेकत राहिले. विटांचा ढीग बार्जेच्या कुशीला लागला, त्यावर भरतीचा गाळ साठला, आणि बार्ज भिंतीत चिणल्यासारखी पक्की झाली. बाकीच्या विटा लोकांनी ओहोटीला टोपल्या भरभरून नेल्या. हो ना रे गवंड्या?

"मी विकत घेतल्या होत्या," गवंडी म्हणाला.

खाडीकडून. बरोबर. खाडीनं तुला पावती पण दिली असेल.

खलाशांना पगार मिळेना. ते एकेक करून उतरले आणि बूट चिखलात सोडून चालते झाले. शेवटी चेअरमन एकटा राहिला. लोखंडाच्या त्या तव्यावर. आत बसावं तर भट्टी, बाहेर बसावं तर ऊन. टपावर छत्री उघडून बसायचा. पांढरे कपडे आधी पिवळे झाले, मग तांबूस. पायांतले बूट तापायचे म्हणून काढले, तर लोखंड पोळायचं म्हणून परत घातले. बार्जेभोवतीच्या गाळावर गवत उगवलं आणि एक शेळी तिथे चरायला जाऊ लागली. तो शेळीशी बोलायचा. शेळी सोसायटीची सभासद नव्हती, म्हणून ऐकून घ्यायची.

त्याची बायको मोठ्या साहेबाच्या पाया पडायला शहराला गेली होती, ती तिकडेच अडकली. तिकडून ती फोन लावायची, हाही इकडून गावात फोन लावायचा. पण त्या दिवसांत गावातले सगळे फोन बिघडले होते. माझा पण.

आणि पिण्याचं पाणी संपलं. खाडीचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही. तो डबा वर करून हलवायचा, रिकामा डबा, आणि आम्हाला दाखवायचा. काठावर ते चार तांडेल रोज येऊन बसायचे, म्हाताऱ्या झालेल्या, बोट नसलेल्या माणसांसारखे. थोरलाही त्यांच्यात. कुणी उठलं नाही. तसं कुणी ठरवलंही नव्हतं.

"ताई!" तो ओरडायचा. खारा वारा आवाज घेऊन यायचा, कधी नुसतं 'ई' यायचं.

आता मन घट्ट करा, कारण इथून पुढचं खरोखर कुणाला खरं वाटणार नाही. शेवटी रक्ताचं नातं. वहिनींना राहवेना. एके दिवशी ओहोटीला त्यांनी विहिरीचं गार पाणी कळशीत भरलं. चिखलावर जायला आमच्याकडे फळी असते, एक गुडघा फळीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायानं ढकलत घसरत जायचं. कळशी पुढे ठेवून वहिनी निघाल्या. कमरेपर्यंत चिखल उडत होता, पण कळशीतला थेंब सांडला नाही. आम्ही सगळे काठावर उभे राहिलो. नेमका त्याच दिवशी साहेबही पाहणीला आला होता. योगायोग! वहिनींना काय माहीत!

बार्जेखाली त्या पोचल्या. वरून चेअरमननं पाहिलं. ओठ फुटलेले, डोळे खोल. "ताई," तो म्हणाला, "चुकलो मी." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी यानंच पाठीवर घेऊन खाडी पार करून दिली होती ना. त्यानं दोर सोडला, वहिनींनी कळशी दोराला बांधली. तो घटाघटा प्यायला. प्यायला आणि ढसाढसा रडला. इतका रडला की त्याच्या आसवांनी बार्ज बोटभर वर उचलली गेली. मग त्याला भान राहिलं नाही. बहिणीला जवळ घ्यायला तो शिडीवरून भराभरा खाली उतरला. दोघं भाऊबहीण चिखलात गळ्यात गळा घालून उभे. आणि तो उतरलेला साहेबानं पाहिला, त्याला बिचाऱ्या वहिनी तरी काय करणार? प्रेमापोटी गेली हो ती बार्ज, नुसत्या प्रेमापो...

दोर वळायचा थांबला.

"खोटं आहे, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "त्याला थेंबसुद्धा दिला नाही मी. साहेब आल्याचं बघूनच कळशी भरली. शिडीखाली जाऊन त्याच्या देखत ओतायला लागले, हळूहळू. निम्मी झाली तेव्हा उतरला तो. उरलेली मी त्याच्या पायाशी ओतली."